ट्रान्झिस्टर बदलला, तरी स्पीकरवर डीसी येतोच

घरी जुळवलेल्या अ‍ॅम्पची ही तक्रार माझ्याकडे सगळ्यांत जास्त येते. दोनपैकी एक चॅनल व्यवस्थित असतो. दुसरा चालू करताना स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज येतो आणि मीटर लावला की टोकांवर शंभर-दीडशे मिलिव्होल्ट डीसी, म्हणजे गाण्याशी संबंध नसलेला स्थिर व्होल्टेज, दिसतो. इनपुटचा ट्रान्झिस्टर बदलला की आकडा बदलतो, पण जात नाही. काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. शेवटी माणूस कंटाळतो आणि बोर्डच खराब आहे असं समजून नवा बोर्ड घेऊन येतो.

माझ्या स्वतःच्या अ‍ॅम्पवर मी यात दोन महिने घालवले. साधी, पुस्तकी रचना आहे: अधिक-उणे ३५ व्होल्टचा सप्लाय, इनपुटला दोन एनपीएन ट्रान्झिस्टरची जोडी (ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे बेस, कलेक्टर, एमिटर; एनपीएन आणि पीएनपी हे त्याचे उलट ध्रुवतेचे दोन प्रकार), त्यांच्या जोडलेल्या एमिटरमधून एकूण २ मिलिअँपिअर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १. पहिल्याच्या बेसवरून ग्राउंडला ४७ केचा (४७ हजार ओहमचा) रेझिस्टर, दुसऱ्याच्या बेसवरून आउटपुटला फीडबॅकचा, म्हणजे आउटपुट परत इनपुटकडे आणणारा, ४७ के. मूळ जोडी बीसी ५४६बी होती. त्यातला एक कुरकुरायला लागला म्हणून बदलायला गेलो, तर दुकानातले काका म्हणाले, "५४६ संपलेत साहेब, ५४८ घेऊन जा, एकच माल आहे." मी घेतला, लावला, गाणं वाजलं. मीटरने उणे १३४ मिलिव्होल्ट दाखवले. पुन्हा बदलला, अधिक ५८. पुन्हा बदलला, उणे ९०. दर वेळी वेगळा आकडा आणि मधेच चिन्हही उलटं, हे पाहिल्यावर माझं लक्ष बोर्डवरून उठलं आणि हातातल्या ट्रान्झिस्टरवर गेलं.

सुरुवात मात्र बोर्डपासूनच करा. स्पीकर काढून ठेवा. मेनच्या वाटेत सिरीज बोर्डचा १०० वॉटचा बल्ब घ्या. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, लखलखीत राहिला तर आउटपुटचा एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. आउटपुटवर ३० च्या वर व्होल्ट दिसत असतील तर तोही उडालेल्या ट्रान्झिस्टरचा किंवा तुटलेल्या फीडबॅकचा मामला आहे, हा लेख त्यासाठी नाही. आणि बंद केल्यावर सप्लायचे मोठे कॅपॅसिटर रिकामे झाल्याशिवाय हात घालू नका. दोन टोकांत ७० व्होल्ट असतात.

डीसी काही दहा किंवा शे-दोनशे मिलिव्होल्टच्या घरात असेल तरच पुढचं वाचा. ५० च्या आत असेल तर मी हात लावत नाही. १०० च्या वर गेलं की शोधतो. १३० मिलिव्होल्टने ८ ओहमचा स्पीकर जळत नाही, १६ मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. पण तो आकडा सांगतो की इनपुटची जोडी समतोल नाही, आणि असमतोल जोडी आवाजातली विकृतीही (डिस्टॉर्शन) वाढवते.

आता सगळ्यांत उपयोगी चाचणी, जी मला फार उशिरा सुचली. इनपुटच्या दोन ट्रान्झिस्टरची आपसांत अदलाबदल करा. नवा काही आणू नका, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. चिन्ह उलटलं, म्हणजे उणे १३० चं अधिक १३० च्या आसपास झालं, तर दोष ट्रान्झिस्टरच्या जोडीत आहे. चिन्ह तसंच राहिलं तर ट्रान्झिस्टर निर्दोष आहेत, दोष बाहेर आहे.

बाहेरचे दोष दोनच वारंवार सापडतात. एक, फीडबॅकच्या खालच्या, म्हणजे ग्राउंडकडे जाणाऱ्या, फांदीतला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर गळतो किंवा शॉर्ट होतो. तो चांगला असताना डीसीसाठी अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती पट होतो ते) फक्त १ असतो. तो शॉर्ट झाला की डीसीलाही पूर्ण गेन मिळतो आणि ५ मिलिव्होल्टचे शंभर होतात. दुसरा, पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा रेझिस्टर. त्याच्या दोन टोकांत पुढच्या ट्रान्झिस्टरचा ०.६५ व्होल्टचा बेस-एमिटर बसलेला असतो, म्हणून पहिल्या ट्रान्झिस्टरमधून किती करंट जाईल हे तोच ठरवतो. १ मिलिअँपिअर हवा असेल तर तिथे ६८० ओहमच्या जवळपासचा हवा. एका मित्राच्या बोर्डवर तिथे २.२ के लागला होता. एका बाजूने ०.३ आणि दुसऱ्या बाजूने १.७ मिलिअँपिअर वाहत होता, आउटपुटवर अडीचशेच्या वर मिलिव्होल्ट, आणि तो बिचारा तीन महिने ट्रान्झिस्टर बदलत होता. ज्या बोर्डवर कलेक्टरला करंट मिरर (दोन्ही बाजूंचा करंट सारखा राखणारी ट्रान्झिस्टरची जोडी) आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.

माझ्याकडे अदलाबदल केल्यावर चिन्ह उलटलं. मग मी भिंग घेऊन दोन्ही ट्रान्झिस्टरवरचा शेवटचा अक्षर वाचला. एकावर बी, दुसऱ्यावर सी.

हा शेवटचा अक्षर म्हणजे नंबरची शेपटी नाही, तोच अर्धा नंबर आहे. बीसी ५४६, ५४७, ५४८ या कुटुंबात २ मिलिअँपिअरला ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे कलेक्टरचा करंट बेसच्या करंटच्या किती पट आहे ते, मोजून माल वेगळा केलेला असतो: ए म्हणजे ११० ते २२०, बी म्हणजे २०० ते ४५०, सी म्हणजे ४२० ते ८००. गटांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या आहेत हे लक्षात घ्या. २१० गेनचा ट्रान्झिस्टर ए असू शकतो, बीसुद्धा. आणि एकट्या बी गटातही सव्वादोन पटीचा फरक मावतो. म्हणजे दोन्ही 'बी' आहेत एवढ्याने जोडी जुळत नाही.

आकडेमोड करून पाहा, म्हणजे भीती जाते. १ मिलिअँपिअरला २२० गेन असलेल्या ट्रान्झिस्टरचा बेस साधारण ४.५ मायक्रोअँपिअर ओढतो. तो ४७ केमधून येतो, म्हणून बेस ग्राउंडपेक्षा २१४ मिलिव्होल्टने खाली जातो. दुसऱ्या बाजूला ५६० गेनचा ट्रान्झिस्टर असेल तर त्याचा बेस फक्त १.८ ओढतो, फीडबॅकच्या ४७ केवर ८४ मिलिव्होल्ट पडतात. दोघांचे एमिटर एकत्र बांधलेले, म्हणून दोन्ही बेस एकाच पातळीवर राहणार, आणि आउटपुटला हा फरक भरून काढावा लागतो: २१४ वजा ८४, म्हणजे उणे १३० मिलिव्होल्ट. मीटरने १३४ दाखवले होते. उरलेले चार दोघांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमधल्या फरकाचे. यातून एक सोयीची खूणही मिळते: एनपीएन जोडीत आउटपुट उणे असेल तर इनपुटकडच्या ट्रान्झिस्टरचा गेन कमी आहे, अधिक असेल तर फीडबॅककडच्याचा. पीएनपी जोडीत हेच उलट.

काकांच्या ५४८ मध्ये दुसरी चूकही दडलेली होती, आणि ती मला डीसीपेक्षा जास्त गंभीर वाटते. ५४६ ला कलेक्टर-एमिटर ६५ व्होल्ट सोसतात, ५४७ ला ४५, ५४८ ला ३०. माझ्या सर्किटमध्ये त्या जागी ३५ पडतात. काही दिवस बरं चालून पुन्हा कुरकुर सुरू व्हायची ती याच्यामुळे. हे तीन नंबर 'एकच माल' फक्त ५ व्होल्टच्या सर्किटमध्ये आहेत. ५४९ आणि ५५० स्वतःची खरखर (नॉइज) कमी असलेले म्हणून निवडलेले असतात, पण त्यातही ५४९ ला ३० व्होल्टच, ५५० ला ४५.

इतर नंबरांवरच्या खुणाही सांगतो, कारण पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मागताना त्या तोंडात असल्या की योग्य वस्तू मिळते. बीसी ३३७ ला आडव्या रेघेनंतर १६, २५ किंवा ४० असतं: १०० मिलिअँपिअरला अनुक्रमे १०० ते २५०, १६० ते ४०० आणि २५० ते ६३०. बीडी १३९ च्या १० ला ६३ ते १६०, १६ ला १०० ते २५०. जपानी सी १८१५ वर ओ, वाय, जीआर, बीएल अशी रंगांची आद्याक्षरं येतात, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा: ७० ते १४०, १२० ते २४०, २०० ते ४००, ३५० ते ७००. मात्र सी १८१५ सरळ बीसी ५४७ च्या जागी बसवू नका. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसीचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असतात, सी १८१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस. टू एन ३९०४ तर आणखी फसवा आहे. त्याचे एमिटर, बेस, कलेक्टर, म्हणजे बेस जागेवर आणि दोन टोकं उलटी. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर चक्क चालतो, फक्त अगदी थोड्या गेनने, आणि माणूस समजतो की ट्रान्झिस्टर हलक्या प्रतीचा मिळाला.

मोजायचं कसं, तर पहिला मार्ग मल्टिमीटरवरचा एचएफईचा (म्हणजे गेनचा) गोल सॉकेट. स्वस्त मीटर बेसला साधारण १० मायक्रोअँपिअर आणि कलेक्टरला ३ व्होल्टच्या आसपास देतात. म्हणजे ३०० गेनचा ट्रान्झिस्टर ३ मिलिअँपिअरवर मोजला जातो. छोट्या ट्रान्झिस्टरांची तुलना करायला हे पुरेसं आहे. त्याच सॉकेटवर पॉवर ट्रान्झिस्टरचा गेन मोजणं निरुपयोगी, त्याबद्दल पुढे येतोच.

नेमका गेन हवा असेल तर ब्रेडबोर्डवर दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, मधला सांधा ग्राउंड. कलेक्टर अधिक ९ ला, एमिटर ८.२ केमधून उणे ९ ला, बेस ४७ केमधून ग्राउंडला. ट्रान्झिस्टरमधून १ मिलिअँपिअर वाहतो, अगदी अ‍ॅम्पमध्ये वाहतो तेवढाच. ४७ केवर जेवढे मिलिव्होल्ट दिसतील त्यांनी ४७,००० ला भागा, तो गेन. २३५ दिसले तर २००. ११७ दिसले तर ४००.

गेन जुळलेले पाच-सहा निवडले की दुसरी मांडणी. दोन ट्रान्झिस्टर शेजारी, दोघांचे बेस थेट ग्राउंडला, एमिटर एकत्र बांधून ३.९ केमधून उणे ९ ला, आणि दोन्ही कलेक्टर स्वतंत्र १ केमधून अधिक ९ ला. हे दोन १ के मीटरने मोजून सारखे निवडा. आता मीटर दोन कलेक्टरच्या मध्ये लावा. बेस-एमिटर व्होल्टेजमधला १ मिलिव्होल्टचा फरक इथे सुमारे ४० मिलिव्होल्ट होऊन दिसतो. ४० च्या आत आलेली जोडी मी ठेवून घेतो.

इथे सर्वांत जास्त फसवतो तो हात. मी पन्नास बीसी ५४६बी थर्मोकोलच्या तुकड्यात रांगेने टोचून, शेजारी पेनने आकडे लिहीत बसलो होतो. एक जोडी लावली, ३१० मिलिव्होल्ट. फेकून देणार होतो, तेवढ्यात फोन आला. परत आलो तर मीटरवर २६. चिमटीत धरून लावलेला ट्रान्झिस्टर बोटांनी तापला होता. दर अंशाला बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं आणि ही मांडणी त्याचे ८० करून दाखवते. तेव्हापासून ट्रान्झिस्टर चिमट्याने लावतो, दोन मिनिटं थांबतो, आणि वरचा पंखा बंद करतो. पंख्याची झुळूक एकाला लागली आणि दुसऱ्याला नाही, की आकडा डोळ्यांदेखत हलतो. उन्हाळ्यात हे पाच-सहा तासांचं काम घामाघूम करतं, पण घाईत लिहिलेले आकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जुळत नाहीत.

जोडी बोर्डवर लावताना दोघांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटवून वर श्रिंक ट्यूबचा तुकडा चढवा. एक तापला की दुसराही तेवढाच तापेल. बोर्डची भोकं त्यासाठी जवळ नसतील तर पाय थोडे लांब ठेवून वाकवले तरी चालतं.

बी की सी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे: जुळलेले दोन बी हे एक बी आणि एक सी यापेक्षा केव्हाही चांगले, आणि जुळलेले दोन सी त्याहून चांगले, कारण त्यांचा बेस करंटच कमी, मग उरलेला फरकही लहान. मात्र सगळीकडे जोडी जुळवत बसू नका. जिथे एमिटरला मोठा रेझिस्टर आहे, जिथे ट्रान्झिस्टर नुसता रिले किंवा दिवा चालवतो, करंट सोर्समध्ये (ठरावीक करंट देणाऱ्या भागात), तिथे अक्षर कोणताही चालतो. वेळ इनपुटच्या जोडीवर आणि आउटपुटवर खर्च करा.

आउटपुटची गोष्ट वेगळी आहे. तिथे गटापेक्षा माल खरा आहे की नाही हा प्रश्न आधी येतो. सी ५२०० आणि ए १९४३ ही जोडी जगभर नकली बनते. २३० व्होल्ट, १५ अँपिअरचा शिक्का वर असतो आणि आत लहान ट्रान्झिस्टरचा तुकडा बसवलेला असतो. छपाई थिनरने पुसली जाते का पाहणं, वजन करणं, खऱ्याच्या शेजारी ठेवून कडा बघणं, हे सगळं करा, पण त्यावर निर्णय सोपवू नका. करंट देऊन मोजा. मल्टिमीटरच्या सॉकेटमध्ये तो १ मिलिअँपिअरच्या खाली चालतो, तिथे नकलीही छान १०० दाखवतो.

मी १२ व्होल्टची बॅटरी घेतो, कलेक्टरला ४.७ ओहम १० वॉटचा रेझिस्टर, बेसला १२ व्होल्टवरून १ के. ट्रान्झिस्टर हीटसिंकवर पक्का बसवलेला. बेसमधून ११ मिलिअँपिअरच्या आसपास जातात. ४.७ ओहमवर ४.२५ व्होल्ट दिसले तर ९०० मिलिअँपिअर, गेन ८०. तीन-चार सेकंदांत वाचून काढून टाका, रेझिस्टर भाजतो. मग बेसला १० के लावून हेच दहा पट कमी करंटवर मोजा. खऱ्या सी ५२०० चा गेन या दोन्ही ठिकाणी जवळपास सारखा येतो, कारण तो कित्येक अँपिअरपर्यंत सपाट राहण्यासाठीच बनवलेला आहे. नकलीचा १ अँपिअरपाशी कोसळतो. सी ५२०० वरही आर आणि ओ असे गट आहेत, १ अँपिअरला ५५ ते ११० आणि ८० ते १६०. समांतर लावायचे असतील तर एकाच गटाचे, शक्यतो एकाच पेटीतले घ्या, आणि प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहम ठेवाच. एकच ट्रान्झिस्टर हाताला जास्त गरम लागत असेल तर आधी त्या ०.२२ ओहमवरचे मिलिव्होल्ट मोजा, करंट कुणाच्या वाट्याला किती हे तिथेच कळतं. टू एन ३०५५ ला हे अक्षरी गट नाहीत. त्याला ४ अँपिअरला २० ते ७० एवढी मोठी मुभा आहे, म्हणून तिथे स्वतः मोजण्याला पर्यायच नाही.

गिटारच्या फझ पेडलसाठी (आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या पेटीसाठी) जुने जर्मेनियमचे एसी १२८ शोधणारे खूप जण भेटतात. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेलेही जुन्या रेडिओतून निघतात. त्यांना वरच्या कुठल्याच मांडणीत घालू नका. जर्मेनियम बेस मोकळा असतानाही गळतो आणि मीटर ती गळती गेन समजून मोजतो. २५० वाचलं, प्रत्यक्षात ८०. एसी १२८ पीएनपी आहे, म्हणून एमिटर ९ व्होल्टच्या अधिकला, कलेक्टरवरून २.४ के उणे टोकाला. बेस मोकळा ठेवून २.४ केवरचे व्होल्ट लिहा. मग बेसवरून उणे टोकाला २.२ मेगाओहम जोडा आणि पुन्हा लिहा. दोन आकड्यांमधला फरक गुणिले १०० हा जवळपास खरा गेन. पहिला आकडाच अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर तो ट्रान्झिस्टर मी फझमध्ये घालत नाही. गळती दर १० अंशांना दुपटीच्या घरात वाढते, डिसेंबरच्या सकाळी गोड वाजणारं पेडल मे महिन्याच्या दुपारी घुसमटतं.

माझ्या अ‍ॅम्पमध्ये शेवटी ३१० आणि ३१६ गेनची ५४६बी ची जोडी बसली. तासभर वाजवून मोजलं तेव्हा उजव्या चॅनलवर अधिक ९ मिलिव्होल्ट होते. डाव्यावर, जिथे मूळ जोडी कधी हललीच नाही, २१. तिला मी हात लावलेला नाही. थर्मोकोलवर उरलेल्या बारा जोड्या आता लहान पाकिटांत आहेत, प्रत्येक पाकिटावर गेन, मोजताना खोलीचं तापमान आणि खरेदीचा महिना लिहिलेला.